ओनोदेरा सेन्सेईंना दिलेला तिळगूळ

८ जानेवारी २०१३, मंगळवार

यंदा डायरी लिहायची नाही असं ठरवलं होतं, कारण दर वर्षी ती जेमतेम संक्रांतीपर्यंत टिकते. पण आजचं कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि प्रसन्न लॅबमधून येईपर्यंत माझा राग निवून जाईल. राग निवला की मी सगळ्यांना माफ करून टाकते. आई म्हणते हा गुण आहे. मला शंका आहे.

आज ड्रायव्हिंग स्कूलचा पहिला दिवस होता. नाशिकला मी स्कूटीखेरीज काही चालवलेलं नाही. इथे जपानात, सेंदाईत सायकल आणि सबवेवर माझं छान भागत होतं. पण मला काम हवंय. तिकडे मी फिजिओथेरपिस्ट होते, रोज वीस-पंचवीस पेशंट बघायचे. इथे माझं सर्टिफिकेट चालत नाही आणि मी आठ महिने घरात बसून नवऱ्याचे, म्हणजे प्रसन्नचे, डबे भरतेय. नोव्हेंबरात सुगावारा-सान, म्हणजे सुगावाराबाई, भेटल्या. त्यांची एक संस्था आहे. त्सुनामीत घरं गेलेल्या लोकांसाठी किनाऱ्याकडे तात्पुरत्या वसाहती बांधल्या आहेत, त्यांना इथे कासेत्सु म्हणतात. तिथे म्हातारी माणसं एका खोलीत बसून बसून आखडून जातात. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. त्याला सर्टिफिकेट लागत नाही, लायसन्स लागतं, कारण वसाहती लांब लांब आणि बस फार थोड्या. संस्थेची व्हॅनही जुनी, हाताने गिअर टाकायची. एक एप्रिलपासून ये, म्हणाल्या, पण लायसन्स घेऊन ये.

तर आमचे सेन्सेई, म्हणजे शिकवणारे सर, ओनोदेरा. पन्नाशीचे, केस चापून बसवलेले, आवाज लाउडस्पीकरसारखा. गाडीत बसल्यापासून जे ओरडायला लागले ते उतरेपर्यंत. माझं जपानी बेताचं. क्लच म्हणजे काय हे कळेपर्यंत गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा त्यांनी डॅशबोर्डवर हात आपटला. मी दर वेळी सुमिमासेन, म्हणजे माफ करा, म्हणाले. सुमिमासेनचा इथे काही तुटवडा नाही.

२१ जानेवारी

आज टॉयलेटमध्ये जाऊन रडले. तोंड धुऊन काउंटरवर पुढच्या तासाची वेळ घ्यायला गेले, तर तिथल्या चिबा-साननी नेहमीसारखं विचारलं, पुढचा तासही ओनोदेरा सेन्सेईंबरोबरच, चालेल ना? दर वेळी विचारतात. या लोकांचा नम्रपणा मोठा. उत्तर माहीत असलं तरी विचारणार. मी म्हटलं, चालेल, चालेल.

दुसरे सर मागता येतात असं प्रसन्न म्हणतो. पण मला ते बरं वाटत नाही. आमच्या घरी रागावणारा मास्तर हाच खरा मास्तर असं मानतात. बाबांना गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं, हे ते अजून कौतुकानं सांगतात. शिवाय शिकवणाऱ्याला अर्ध्यावर बदलायचं म्हणजे त्याचा अपमान. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

१३ फेब्रुवारी

आईचं पार्सल आज आलं. संक्रांतीसाठी पाठवलेला चिक्कीचा गूळ आता पोचला. पण रथसप्तमी रविवारी आहे, म्हणजे तिळगूळ द्यायला अजून चार दिवस आहेत. तीळ इथे पोत्यानं मिळतात. दुपारी वड्या थापल्या आणि थापता थापता डोक्यात आलं, की ज्याला गोड बोलायची खरी गरज आहे अशा एका माणसाला मी ओळखते.

डबी आणायला शंभर येनच्या दुकानात गेले. तिथे सध्या जिकडे तिकडे लाल रंग. सगळ्या डब्यांवर बदाम काढलेले. शोधून शोधून त्यातल्या त्यात साधी, बिनबदामाची घेतली. सोनेरी रिबीन मात्र दुकानातल्या मुलीनं आपण होऊन बांधून दिली. वड्या थोड्याच झाल्या. प्रसन्नच्या लॅबला निम्म्या, उरलेल्या डबीत.

१४ फेब्रुवारी

जमलं. तास सुरू होण्याआधी डबी दिली. तिळगूळ घ्या, गोड बोला याचं जपानी काही मला जमेना. हे मी स्वतः केलंय, तुमच्यासाठी, माझ्याशी गोड बोला, एवढं सांगितलं. सेन्सेई लालबुंद झाले. इकडे तिकडे पाहिलं, डबी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि खाली वाकले. इतके खाली की मीच अवघडले.

आणि तासभर एक शब्द मोठ्यानं नाही. गाडी बंद पडली तर म्हणे, सावकाश, सावकाश. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, बघ, आपल्या सणांना अर्थ असतो.

२ मार्च

तात्पुरतं लायसन्स मिळालं, आता रस्त्यावरचे तास. सेन्सेई पार बदललेत. चैत्राली-सानची चैत्राली-चान झाले मी. चान लहान मुलींना लावतात. आपल्याकडचं बेटा, तसं असणार. नवरा किती वाजता घरी येतो, एकटीला कंटाळा येत नाही का, अशी चौकशी करतात. गिअर टाकताना माझ्या हातावर हात ठेवून दाखवतात. माझा तिसरा गिअर चुकतो हे खरंच आहे. पण आज बरोबर पडला तरी हात तसाच होता. माझे हात गार आहेत म्हणाले.

गिअर शिकवायला हात ठेवावाच लागतो. प्रसन्नला सांगावंसं वाटलं आणि नाही सांगितलं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

चिबा-साननी आज दोनदा विचारलं, पुढचा तासही तेच सेन्सेई, नक्की? मी हसून म्हटलं, आता तर खूपच चांगलं शिकवतात. त्या हसल्या नाहीत. दमल्या असतील, शनिवारची गर्दी.

११ मार्च

भूकंपाला दोन वर्षं. दुपारी स्कूलमध्ये सगळे उभे राहिले, गाड्यासुद्धा जागच्या जागी थांबल्या. चिबा-सान रडत होत्या. मी तेव्हा नाशिकला टीव्हीवर ते पाणी पाहिलं होतं आणि चॅनल बदललं होतं. नंतर सेन्सेईंनी सांगितलं की त्यांचं घरही गेलं, ते अजून कासेत्सुतच राहतात, एकटे. मला वाईट वाटलं. उद्या तास आहे.

१२ मार्च

आज काही लिहीत नाही.

१३ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज लिहिणार आहे, जसं झालं तसं.

ठरलेला रस्ता संपल्यावर सेन्सेई म्हणाले, डावीकडे घे. पुढे परत डावीकडे. आम्ही समुद्राच्या बाजूला गेलो. तिथे काही उरलेलं नाही, घरांचे चौथरे तेवढे आहेत. बाजूला गाडी लाव म्हणाले, इंजिन बंद कर. मला वाटलं पार्किंग शिकवताहेत. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, तू माझ्यासाठी स्वतःच्या हातानं केलंस, महिनाभर मी तोच विचार करतोय. नवरा सारखा लॅबमध्ये, तूही एकटी आहेस. मी हात ओढला. त्यांनी सोडला नाही. मी परत ओढला. त्यांनी एक हात सोडवून माझ्या गालाला लावला.

इतके महिने घोकलेलं जपानी कुठे गेलं कोण जाणे, मराठीही सुचेना. मी फक्त म्हणाले, सेन्सेई, वेळ झाली. त्यांनी घड्याळ बघितलं आणि सोडलं.

परत येताना गाडी दोनदा बंद पडली. ते गोड आवाजात म्हणाले, काही हरकत नाही. तासाचा शिक्का मारला. आणि मी उतरून, वाकून, शिकवल्याबद्दल खूप खूप आभार असं म्हणाले. रोज म्हणते तसं. त्यांनी हात धरला त्यापेक्षा मला या वाकण्याचा राग येतोय.

प्रसन्नला रात्रीच सांगितलं. आधी तो उठून उभाच राहिला, आत्ता जातो म्हणाला. मग बसला. मग म्हणाला, सोड ते स्कूल, इंडियात जाऊन लायसन्स काढ आणि इथे कन्व्हर्ट करून घे. म्हणजे एक एप्रिलचं काम गेलंच. ते त्याच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि चाललं, मला कळलं नाही.

आज सकाळी मेधाताईंना फोन केला. त्या टोकियोत निशी-कसाईला राहतात, अठरा वर्षं झाली त्यांना जपानमध्ये, आम्हा सगळ्यांच्या त्या मोठ्या बहीण. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिळगूळ दिलास तो दिवस कुठला गं?" मी म्हटलं चौदा फेब्रुवारी. त्या म्हणाल्या, हातानं केलेला? एकट्या त्यांनाच? रिबीन बांधून?

व्हॅलेंटाइन डे मलाही माहीत आहे. आपल्याकडे मुलं गुलाब घेऊन फिरतात तो. पण इथे म्हणे त्या दिवशी बायका पुरुषांना गोड देतात. दुकानातलं चॉकलेट ऑफिसभर वाटलं तर तो शिष्टाचार, आणि स्वतः करून एकालाच दिलं तर ते प्रेम. महिन्यानं, चौदा मार्चला, पुरुषांनी परतफेड करायची. म्हणजे उद्या. ते लाल डबे, ते बदाम, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बिनबदामाची डबी शोधत फिरत होते.

मेधाताई म्हणाल्या, तब्येतीचं कारण सांग आणि शांतपणे सर बदलून घे, बोभाटा करू नकोस, आपण इथे पाहुणे. म्हणजे सुरुवात मी केली? दुपारभर हेच. भांडी घासली, परत घासली.

संध्याकाळी मात्र एक गोष्ट सुचली आणि आता ती सोडणार नाही. चूक झाली असेल तर ती डबीची झाली. ती मी केली आणि समजावून सांगितली असती. पण मी हात ओढत होते, दोनदा ओढला. हात ओढणारी बाई काय म्हणतेय हे कळायला कुठला सण माहीत असावा लागत नाही.

१४ मार्च

तब्येतीचं कारण सांगायलाच गेले होते. खरं सांगते, मेधाताईंचंच ऐकणार होते. वाक्य पाठ केलं होतं.

काउंटरपाशी पोचले तर सेन्सेई हातात पिशवी घेऊन माझीच वाट बघत होते. मोठ्या दुकानाची पिशवी, आत मोठा खोका. आजूबाजूला सात-आठ मुलं-मुली बसलेली. दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाले, चैत्राली-चान, त्या दिवसाबद्दल.

हात पुढे जायला निघाले होते. आपली सवयच आहे ती, कुणी दिलं की घ्यायचं. मी ते मागे घेतले, पाठीमागे बांधून ठेवले, आणि पाठ केलेलं वाक्य सोडून म्हणाले, "मी हे घेणार नाही. परवा तुम्ही माझा हात धरलात, गालाला हात लावलात. मला ते नको होतं. यापुढे लावायचा नाही. मला दुसरे शिक्षक हवे आहेत."

मोठ्यानं बोलले असणार, कारण बसलेली मुलं-मुली वळून बघायला लागली. सेन्सेई काहीतरी पुटपुटले, हसल्यासारखं केलं, पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. मी चिबा-सानकडे वळले. त्यांनी मान खाली घालून संगणकावर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, साहेबांशी बोलून कळवते, तोपर्यंत तुमचे तास थांबवावे लागतील.

बाहेर येऊन बस स्टॉपवर बसले. पेशंटना सांगते तसे गुडघे स्वतःचे स्वतः चोळले आणि दोन बस सोडून तिसरीनं घरी आले.

१८ मार्च

आज स्कूलचे व्यवस्थापक शोजी-सान यांनी बोलावलं. प्रसन्न अर्धी रजा टाकून आला.

चहा दिला. शोजी-सान वाकले, अगदी कमरेपासून. मग म्हणाले की ओनोदेरा वीस वर्षं इथे आहेत, त्यांचं घर गेलं, फार सोसलंय. त्यांचा गैरसमज झाला. आमच्याकडची पद्धत माहीत नसल्यामुळे बाईंकडूनही नकळत तसा संकेत गेला. तेव्हा गैरसमजाबद्दल दोघांनी एकमेकांची माफी मागितली, तर सगळ्यांची मनं मोकळी होतील आणि उद्यापासून तास सुरू करता येतील.

इतक्या मऊ आवाजात म्हणाले की ऐकताना ते अगदी रास्त वाटलं. मी एक एप्रिल मोजत होते. आणि शेजारी प्रसन्नची मान वाकायला लागलेली दिसली. पाच वर्षं जपानमध्ये काढलेला माणूस, त्याचं तोंड आपोआप उघडलं, सुमिमा पर्यंत आलासुद्धा.

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "प्रसन्न, नको. मी बोलते."

तो थांबला. मग शोजी-सानना जमेल तसं सांगितलं. आमच्याकडे एक सण असतो, त्यात तीळ आणि गूळ सगळ्यांना द्यायचा, भांडलेल्या माणसालासुद्धा. सेन्सेई ओरडायचे म्हणून दिला. तुमचा दिवस मला माहीत नव्हता, माझा त्यांना नव्हता. एवढंच झालं असतं तर माफी पहिल्यांदा मी मागितली असती. पण त्यांनी हात धरला तेव्हा मी ओढत होते. त्यात माझं चुकलेलं काही नाही, म्हणून त्याची माफी मी मागणार नाही.

शोजी-सान विचार करून कळवतो म्हणाले. इथे याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो, असं प्रसन्ननं बाहेर आल्यावर सांगितलं.

१९ मार्च

काल रात्री भांडण. प्रसन्नचं म्हणणं, एक सुमिमासेन म्हटलं असतं तर काय झिजलं असतं, इथे माणसं लिफ्टमध्ये शिरताना म्हणतात. मी म्हटलं, लिफ्टमध्ये मीही म्हणते. तो म्हणाला, तू ड्रामा करतेयस. मग म्हणाला, माझ्या प्रोफेसरांच्या कानावर गेलं तर. आता कळलं गाडी कुठे अडली होती ती.

मी ओरडले नाही. त्याला एवढंच सांगितलं की माझ्या वतीनं पुन्हा कधी माफी मागायची नाही, मला विचारल्याशिवाय. तो न जेवता झोपला. मी जेवले. पोळ्या चांगल्या झाल्या होत्या.

आता दुपारी मात्र धीर सुटलाय. कुणाचं काय बिघडलं? सेन्सेई तास घेताहेत, शोजी-सान चहा पिताहेत, आणि घरात मी बसलेय. तत्त्वाचं लोणचं घालायचं का?

पण परत परत मनात ते वाक्य म्हणून बघते, गैरसमजाबद्दल क्षमस्व, आणि दर वेळी माझा गाल पुसावासा वाटतो. नाही म्हणजे नाही.

२३ मार्च

सुगावारा-सानना उगाच अंधारात ठेवणं बरं नाही म्हणून संस्थेत गेले. सगळं सांगितलं. वाटेत ठरवलं होतं की डबीचा भाग गाळायचा. गाळला नाही.

त्या सत्तरीच्या आहेत, चेहऱ्यावर काही दिसत नाही. मधे काही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "गाडी येते का तुला?" मी म्हटलं, येते, तिसरा गिअर अजून चुकतो. म्हणाल्या, पंधरा एप्रिलपर्यंत थांबते. त्यानंतर दुसरं कुणी बघावं लागेल, म्हाताऱ्यांचे गुडघे थांबत नाहीत.

थोडी सहानुभूती अपेक्षित होती. ती मिळाली नाही, तारीख मिळाली.

घरी येऊन सेंदाईतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. एप्रिल अखेरपर्यंत जागा नाही.

२७ मार्च

चिबा-सानचा फोन. उद्यापासून तास सुरू, किकुची सेन्सेई, बाई आहेत. ओनोदेरा सेन्सेई आता फक्त वर्गात नियम शिकवतील, गाडीत बसणार नाहीत. माझ्या माफीचं काय, मी विचारलं. त्याबद्दल शोजी-सान काही म्हणालेले नाहीत.

मग त्यांचा आवाज खाली आला. मी काउंटरवर बोलले त्या दिवशी तिथे बसलेल्यांपैकी दोन मुली दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे आल्या. त्यांनाही ओनोदेरांबद्दल जे सांगायचं होतं ते सांगितलं. चिबा-साननी ते वर पोचवलं. आणि मग म्हणाल्या, "मी तुम्हाला दर वेळी विचारत होते."

मी म्हटलं, मला तो नम्रपणा वाटला. तोही होताच, त्या म्हणाल्या.

मला त्यांचा इतका राग आला की फोन ठेवून दिला असता. सरळ का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, मलाही इथेच नोकरी करायची आहे, घरी आई आहे.

निम्मं माफ केलंय. बाकीचं इतक्यात करणार नाही. आईचा गुण पुरवून पुरवून वापरायचं ठरवलंय.

संध्याकाळी प्रसन्नला सांगितलं. तो म्हणाला, त्या दोन मुलींचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. होळीची पुरणपोळी करायची राहून गेली होती ती मग दोघांनी मिळून केली. त्याचं पुरण पातळ झालं.

४ एप्रिल

किकुची सेन्सेई बाई आहेत म्हणून मी निर्धास्त होते. त्या ओनोदेरांपेक्षा जास्त ओरडतात. पहिल्या तासाला पेननं माझ्या बोटांवर मारलं. दुसऱ्या तासालाही. मनात आलं, आता पुन्हा तक्रार केली तर म्हणतील ही बाईच तसली, हिला कुणीच चालत नाही. घरी येऊन आरशासमोर दोन दिवस विचार केला.

आज पेन उचललं तशी मी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि म्हटलं, "रागवा तुम्ही, मला चालतं. पण मारू नका. बोटांवर लागलं की मला पुढचं ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेनकडे पाहिलं, पेन पिशवीत टाकलं. इंडिकेटर वेळेवर दिलास, म्हणाल्या. मग पुढचा रस्ताभर तेवढ्याच जोरात रागावल्या. शेवटी शिक्काही दिला नाही, चौकात मी घाई केली म्हणून. ते बरोबरच होतं. मला वाईट वाटलं, पण नुसतं वाईट. टॉयलेटमध्ये जाऊन रडावंसं नाही वाटलं.

१२ एप्रिल

मिळालं. परवा स्कूलची परीक्षा पास झाले आणि आज लेखी. फोटोत मी रागावल्यासारखी दिसते. मला आवडला.

काल पाडवा झाला, आज प्रसन्ननं गाडी भाड्यानं घेतली, म्हणाला मला फिरव. पहिल्याच वळणावर सुरू झाला, हळू, डावीकडे बघ, अगं ब्रेक. मी त्याला सांगितलं की एकतर गप्प बस, नाहीतर मागे बस. तो विचार करून मागे जाऊन बसला. तिथून फोनवर त्याच्या आईला म्हणत होता, "चांगली चालवते गं, फक्त बोलू देत नाही."

सोमवारी सुगावारा-सानकडे.

२२ एप्रिल

आठवडा झाला. रोज दोन वसाहती. माणसं भिंतीला टेकून बसतात, मी म्हणते हात वर, ते हसतात, मग करतात. माझं जपानी ऐकायला मिळावं म्हणून काही जण येतात असं वाटतं. येऊ देत.

आज पहिल्या वसाहतीतून निघताना होशी आजोबांनी अडवलं. ऐंशीच्या पुढचे, पूर्वी मासेमारी करायचे. म्हणाले, दवाखान्यात सोड, पलीकडच्या गावात आहे, येताना जरा न्हाव्याकडेही थांबू. दुसऱ्या वसाहतीत बारा जण वाट बघत होते. आजोबांची कंबर दुखते हे मला माहीत आहे, त्यांचं कुणी नाही हेही माहीत आहे. आणि मला वर्गात ते सेन्सेई म्हणतात, म्हणजे आता नाही म्हणायचं ते सेन्सेईनं.

दार उघडायला हात गेला होता. तो तिथेच ठेवून मी म्हटलं, "आजोबा, आज नाही जमणार. गुरुवारी वर्गानंतर दवाखान्यात नेईन. न्हाव्याकडे नाही."

"असं होय," ते म्हणाले. "मग गुरुवारी."

आणि वळून दारातल्या कुंड्यांना पाणी घालायला लागले. कांद्याची पात लावलीय त्यांनी. मी दार धरून तशीच उभी राहिले. आता ते रागावतील, आता तोंड पाडतील, आता म्हणतील की परक्या माणसांकडून काय अपेक्षा करायची. ते पाणी घालत राहिले. एक कुंडी झाली, दुसरी झाली. शेवटी त्यांनीच मान वर केली.

"अजून इथेच? तुला उशीर होईल ना?"